चीन बुद्रुक

चीनमधली माझी पहिली रात्र चुकीच्या गावात गेली. चूक माझीच होती.

२०१३ चा मे महिना तोंडावर आलेला. सोलापुरात आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा. कापड इकडचंच, पण चेन, बटणं, इलॅस्टिक, नाडी हे सगळं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो, आणि तो ते चीनमधून आणायचा. मधला माणूस वगळावा म्हणून दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या व्यापारी जत्रेला निघालो. ओळखीच्यांनी सांगितलं होतं, "झोंगदाला उतर, कापडबाजार तिथंच आहे." मी शोधाशोध केली. झोंगदा म्हणजे झोंगशान विद्यापीठ. मग फोनवर 'झोंगशान' टाकलं, स्वस्त हॉटेल दिसलं आणि पैसे भरून मोकळा झालो. विमानतळावर टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवला तर तो दोनदा काहीतरी विचारत राहिला, बोटांनी भाड्याचा आकडा दाखवला, मी मान डोलावली. दीड तासाच्या वर गाडी चालली तेव्हा मनात पाल चुकचुकली. झोंगशान नावाचं एक स्वतंत्र शहरच आहे, ग्वांगझूच्या दक्षिणेला.

दोन्ही नावं एकाच माणसाची. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक, आपण ज्यांना सन यत-सेन म्हणतो, त्यांना चिनी लोक सुन झोंगशान म्हणतात. त्यांच्या जन्मगावचा जिल्हा पूर्वी शियांगशान होता, ते गेल्यावर १९२५ साली त्याचं नाव बदलून झोंगशान केलं. विद्यापीठालाही त्यांचंच नाव. रस्ते तर गावोगाव. आपल्याकडे नुसतं "महात्मा गांधी रोडला सोड" म्हणण्यासारखं आहे ते, कुठल्या गावातला हे आधी ठरवायला लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन रेल्वेनं ग्वांगझू दक्षिण स्टेशनला आलो. बाहेर पाटी होती 'पान्यू'. परत घाम फुटला. ते मात्र ग्वांगझूच होतं. पान्यू हा आता शहराचा एक भाग, पण कधीकाळी या अख्ख्या शहराचं नाव पान्यूच होतं. तेव्हापासून मला या गावाच्या नावांचा नाद लागला. गेल्या काही वर्षांत माल घ्यायला सात-आठ वेळा गेलो असेन, आणि दर वेळी एखादा अर्धा दिवस या नादापायी घालवला.

पान्यू हे सगळ्यात जुनं. इसवी सनापूर्वी २१४ च्या सुमाराला छिन सम्राटाच्या फौजांनी हा दक्षिणेचा मुलूख जिंकला आणि नदीकाठी ठाणं बसवलं. छिन राज्य कोसळल्यावर त्यांचाच एक उत्तरेकडचा सरदार, चाओ तुओ, इथं स्वतःच राजा झाला. नान-युए हे त्याचं राज्य शंभरेक वर्षं टिकलं, इसवी सनापूर्वी १११ मध्ये हान सम्राटानं ते बुडवलं. १९८३ साली शहराच्या मधोमध इमारतीच्या पायासाठी एक टेकडी खणत होते, तेव्हा चाओ तुओच्या नातवाची कबर सापडली. तिथंच आता संग्रहालय आहे. राजाच्या अंगावर जेडच्या २,२९१ तुकड्यांचा अंगरखा होता. ते तुकडे रेशमी दोऱ्यानं जोडलेले. शिवणकामातला माणूस असल्यामुळं मी त्या काचेपुढं इतका वेळ उभा राहिलो की रखवालदार जवळ येऊन उभा राहिला. कबरीत आफ्रिकेतले हस्तिदंत मिळाले, इराणी घडणीची चांदीची डबी मिळाली आणि 'पान्यू' अक्षरं कोरलेलं एक कांस्याचं भांडंही मिळालं. म्हणजे बाहेरचा माल येणारं बंदर ही या गावाची ओळख नावाइतकीच जुनी.

मग ग्वांगझू कुठून आलं? ते उसनं आहे. इसवी सन २२६ मध्ये वू राज्याच्या सुन छ्वाननं दक्षिणेच्या मोठ्या प्रांताचे दोन भाग केले. जुन्या प्रांताचं ठाणं एके काळी नदीच्या वरच्या अंगाला ग्वांगशिन नावाच्या गावी होतं. त्यातला 'ग्वांग' घेतला, त्याला प्रांत या अर्थाचा 'झू' जोडला, की झालं ग्वांगझू. म्हणजे आधी ते प्रांताचं नाव, आणि तेही दुसऱ्याच गावावरून घेतलेलं. पुढे प्रांत आक्रसत गेला आणि नाव शहराच्या गळ्यात राहिलं. ग्वांगशिन मात्र आज नकाशावर नाही. नाव उसनं देणारा असा बुडाला.

शहरातले लोक त्याचा उच्चार जवळपास 'ग्वोंग-चाउ' असा करतात. इथली कँटोनीज आणि बीजिंगची भाषा यांत लिपी बरीचशी एक, कानाला मात्र मराठी आणि तेलुगू. सोलापुरात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीत एका ओट्यावर तीन भाषा बसलेल्या असतात.

लाडाची नावं निराळीच. मेट्रोसाठी कार्ड घेतलं त्यावर नाव 'यांगछेंग थोंग'. यांगछेंग म्हणजे बोकडांचं शहर. गोष्ट अशी सांगतात: दुष्काळ पडला होता, लोक उपाशी होते. पाच रंगांचे झगे घातलेले पाच देवपुरुष पाच बोकडांवर बसून आभाळातून उतरले. बोकडांच्या तोंडात धान्याची कणसं होती. ती लोकांना दिली, इथं पुन्हा दुष्काळ पडणार नाही असा आशीर्वाद दिला आणि देव निघून गेले. बोकड मागेच राहिले आणि त्यांचे दगड झाले. त्या कणसांवरून शहराचं आणखी एक नाव, 'स्वेई', म्हणजे कणीस. वर्तमानपत्रवाल्यांना मथळ्यात जागा कमी पडली की ते ग्वांगझूऐवजी एवढं एकच अक्षर छापतात.

इंग्रजीत याला मेंढ्यांचं शहर करून टाकलंय. चिनीत शेळी आणि मेंढी दोघींना एकच शब्द, 'यांग'. मी युएशिऊ बागेत टेकडी चढून तो दगडी पुतळा पाहिला. साधारण अकरा मीटर उंच, १९६० च्या सुमाराचा. वरचा मोठा नर, तोंडात कणसं, हनुवटीला दाढी. मेंढीला कसली दाढी? आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला उस्मानाबादी बोकड डोळ्यांपुढं आणा. धनगराच्या पोरानं एका नजरेत निकाल दिला असता. २०१० च्या आशियाई खेळांचे शुभंकरही हेच पाच बोकड होते.

तिसरं लाडाचं नाव 'ह्वाछेंग', फुलांचं शहर. चिनी नववर्षाच्या आधी रस्त्यांवर फुलांचा बाजार भरतो त्याची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. मला ते नाव वेगळ्या कारणानं पटलं. एकदा मार्च महिन्यात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला उंच, निष्पर्ण झाडं आणि त्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं. मी थबकलो. ही तर काटेसावर! हो, तीच. आपली सावर, शाल्मली, पुस्तकात असते ती. ग्वांगझूनं तिला शहराचं फूल ठरवलंय. झाडाखाली म्हाताऱ्या बायका पडलेली फुलं पिशवीत गोळा करत होत्या. वाळवून काढ्याच्या चहात घालतात म्हणे. आपल्याकडे सावरीचा कापूस उशीत जातो, फुलं गाई-गुरांच्या पायाखाली.

समुद्राकडून आलेल्यांनी या गावाला आणखी वेगळ्या हाका मारल्या. नवव्या शतकातले अरब व्यापारी लिहितात 'खानफू'. ते 'ग्वांगफू' ऐकून झालेलं, त्या काळच्या सरकारी दर्जाचं नाव. तेव्हा इथं परदेशी व्यापाऱ्यांची वेगळी वस्ती होती. ह्वायशेंग मशीद आजही उभी आहे, तिचा मिनार एखाद्या दीपस्तंभासारखा गुळगुळीत पांढरा, आणि त्या रस्त्याचं नावच त्या मिनारावरून 'ग्वांगथा'. शुक्रवारी तिथं बाहेर मटणाचे कबाब मिळतात, फार चांगले. ८७९ मध्ये ह्वांग छाओ नावाच्या बंडखोरानं शहर घेतलं आणि परदेशी लोकांची कत्तल केली. अबू झैद हा अरब लेखक मेलेल्यांचा आकडा एक लाख वीस हजार देतो. त्यात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि अग्निपूजक असे सगळे मोजलेत. आकडा फुगवलेला असेल, पण मोजणाऱ्यानं चार धर्म वेगवेगळे सांगावेत एवढी ती वस्ती मिश्र होती.

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला. तो या शहराला 'सीन-कलान' म्हणतो. फारसीत ते चीन-कलान. कलान म्हणजे मोठा. उत्तर भारतात गावांच्या नावापुढं कलान आणि खुर्द लागतं. आपल्याकडे खुर्द राहिलं आणि मोठ्याला बुजुर्ग, म्हणजे आपलं बुद्रुक, लागलं. आता सांगा, 'चीन-कलान'चं मराठी काय होईल? चीन बुद्रुक! संस्कृतात महाचीन म्हणायचे, तसंच हे, फक्त तलाठ्याच्या दप्तरातलं वाटतं. त्या दिवसापासून बायको फोनवर "पोचलात का?" विचारते तेव्हा मी "चीन बुद्रुकला उतरलो" सांगतो.

आणि मग कॅन्टन. याविषयी मी सोलापुरात चहाच्या टपरीवर किमान पन्नास वेळा भाषण दिलं असेल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी ग्वांगदोंग या प्रांताचं नाव ऐकलं, त्याचं 'कांतांव' केलं आणि शहरालाच चिकटवलं. इंग्रजांनी त्याचं कॅन्टन केलं. म्हणजे कुणी सोलापूर बघून त्याला 'महाराष्ट्र' म्हणावं तसं. गोऱ्यांना गाव आणि प्रांत यांतला फरक कळला नाही, चूक केली आणि चारशे वर्षं रेटली. टपरीवरचे लोक "हॅऽ" म्हणून माना हलवायचे.

याच कॅन्टनशी मुंबईचा जुना व्यवहार. १७५७ ते १८४२ एवढी वर्षं युरोपियनांना चीनमध्ये फक्त याच एका बंदरात व्यापार करायची मुभा होती, तीही नदीकाठच्या एका पट्ट्यात, आणि सरकारनं नेमलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या मार्फतच. इंग्रजीत त्या जागेला 'तेरा फॅक्टऱ्या' म्हणतात. फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे, वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार, तसल्या. मोसम संपला की गोऱ्यांनी मकाऊला निघून जायचं, बायकांना वखारीत आणायचं नाही, असे नियम. मुंबईहून पारशी व्यापारी कापूस घेऊन यायचे, माळव्याची अफूही. मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलातले 'जे. जे.', जमशेटजी जीजीभॉय, यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या होत्या. पारशांच्या पांढऱ्या पगड्यांमुळं कॅन्टनचे लोक त्यांना 'पांढरडोके' म्हणत. पारशी बायकांच्या गारा साडीवरचं रेशमी भरतकाम याच शहरातून येई. शहराच्या पूर्वेला छांगझोउ बेटावर पारशांची छोटी दफनभूमी आहे. मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा दखमा तिथं कुठून आणणार, म्हणून दगडाखाली पुरलेले लोक. अफूचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १८३९ मध्ये सम्राटाचा अधिकारी लिन त्सेश्यू यानं अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या जवळच्या हुमन गावी चुना-मीठ घालून नष्ट केल्या आणि इंग्रजांशी युद्ध पेटलं. मुंबईतल्या कितीतरी देखण्या इमारतींच्या पायात तो पैसा आहे, हे टपरीवर सांगितलं की लोक विषय बदलतात.

वखारी १८५६ च्या आगीत जळून गेल्या. पण 'शिसानहांग', म्हणजे तेरा पेढ्या, हे रस्त्याचं नाव अजून आहे, आणि तिथं आज तयार कपड्यांचा घाऊक बाजार भरतो. भल्या पहाटे सुरू होतो, दुपारपर्यंत संपतो. हातगाड्या, काळ्या प्लॅस्टिकचे गठ्ठे, आरडाओरडा. गठ्ठेवाल्यानं ढकललं नाही तर तुम्ही तिथं गेलाच नाहीत असं समजा.

माझी खरेदी मात्र झोंगदात. तिथं बटणं-नाड्यांचं एक दुकान आहे, मालकीण साठी ओलांडलेली. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणतो. आमचं बोलणं फोनमधल्या भाषांतरावर. ती आधी चहा ओतते, मग कॅल्क्युलेटर पुढं करते. चहाला तीही 'छा'च म्हणते, तो एक शब्द भाषांतराशिवाय चालतो. एकदा कंटेनरच्या कागदावरून वाद चालला होता. बंदर म्हणून कुठं ह्वांगपू लिहिलेलं, कुठं त्याचंच जुनं इंग्रजी रूप वाम्पोआ, आणि माल खरा नान्शाहून चढणार होता. (आमच्याही टोकाला एक कागद न्हावा-शेवा म्हणतो, दुसरा जेएनपीटी, त्यामुळं मी फार बोललो नाही.) विषयातून विषय निघाला आणि मी माझं टपरीवरचं भाषण फोनमध्ये घातलं. कॅन्टन ही कशी चूक आहे वगैरे.

मावशीनं ऐकलं आणि हात झटकला. तिचं मूळ गाव शुंदे. तिकडे तळ्यांच्या बांधावर तुती लावायची, तुतीवर रेशमाचे किडे पोसायचे आणि त्यांचा केरकचरा तळ्यातल्या माशांना घालायचा, अशी जुनी शेती. तिची आजी रेशमाच्या गिरणीत सूत काढायची. मावशी म्हणाली, आजीच्या तोंडून तिनं 'ग्वांगझू' हा शब्द कधी ऐकलाच नाही. आजी म्हणायची 'सांग सेंग'. उद्या सांगसेंगला जायचंय, सांगसेंगहून कापड आणलं. फोननं त्याचं भाषांतर दाखवलं: 'प्रांताची राजधानी'.

मला हसूच आलं, कारण हे मी लहानपणापासून ऐकतोय. माझी आजी मंगळवेढ्याकडची. ती कधी "सोलापूरला जाते" म्हणाली नाही. "जिल्ह्याला जायचंय" म्हणायची. सांगोल्याला जाणं म्हणजे "तालुक्याला जाणं". गावाला नाव असतं ते परक्यासाठी. आपल्या माणसाला नुसतं ठाणं म्हटलं की पुरतं.

घरी येऊन वाचलं तर मावशीच्या बोलण्याला कागदाचाही आधार होता. या शहराला शहर म्हणून स्वतःची नगरपालिका मिळाली १९२१ साली. त्याआधी शेकडो वर्षं तटबंदीच्या आतला पूर्वेचा भाग पान्यू तालुक्यात आणि पश्चिमेचा नानहाय तालुक्यात मोडायचा, दोन्ही कचेऱ्या शहरातच. म्हणजे एवढं मोठं शहर, पण कागदोपत्री अर्धं-अर्धं. लोक मग म्हणणार काय? ग्वांगदोंगचं सांगसेंग, म्हणजे ग्वांगदोंगचं मुख्य गाव. पोर्तुगिजाच्या कानावर त्यातला पहिला शब्द पडला असेल आणि त्यानं तोच धरला असेल. हा माझा तर्क आहे, पण आता कॅन्टनला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. टपरीवर भाषण मागं घेतलं. कुणाच्या लक्षातही नव्हतं.

सोलापूरकर म्हणून या गावाशी आमचं आणखी एक नातं. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोटीनं पाच भारतीय डॉक्टर चीनच्या मदतीला निघाले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हाँगकाँगवरून ते त्याच महिन्यात कॅन्टनला पोचले. शहरावर तेव्हा जपानी बाँब पडत होते, आणि पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, शहर जपान्यांच्या हाती पडलं. तोवर हे लोक पुढं गेले होते. कोटणीस परत आलेच नाहीत, १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच गेले. चीनमध्ये त्यांना 'क तीह्वा' म्हणतात. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' आहे, आणि ह्वा म्हणजे चीन. मावशीला मी फोनवर त्यांचं छायाचित्र दाखवलं तर तिनं ते नाव मी सांगायच्या आधी उच्चारलं. त्या दिवशी तिनं नाडीच्या भावात मीटरमागं थोडी सूट दिली. त्याचं श्रेय मी डॉक्टरांनाच देतो.

मग तिनं विचारलं, तुझ्या गावाच्या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं, लोक म्हणतात सोळा गावं मिळून झालं म्हणून सोलापूर, पण जुन्या शिलालेखांत सोन्नलगे आहे, आणि इंग्रजांनी बराच काळ शोलापूर लिहिलं. ती म्हणाली, माझ्या वहीत वेगळंच आहे. वही उघडली. गिऱ्हाइकांची नावं ती लिहीत नाही, गावं लिहिते. माझ्या पानावर चार अक्षरं होती: स्वो-ला-फू-अर. चिनीत सोलापूर असंच लिहितात, उच्चार जुळतो ती अक्षरं घेऊन. तिनं पहिल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि मागच्या रिळावरची पांढरी नाडी ताणून दाखवली. स्वो म्हणजे दोरी. ला म्हणजे ओढ.

मी तिच्याकडून पहिल्या खेपेपासून हाफपँटच्या नाड्याच नेतो.